आपापली पात

मागच्या वर्षी उटनूरच्या बायांनी आम्हाला चेंडू दाखवला, पण त्याला पाय लावू दिला नाही. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून पलीकडचीकडे, आणि मधे आम्ही सात जणी, घरात साप निघाल्यावर पळावं तशा. पाच गोल झाले. सहावाही झाला असता, पण त्यांची मधली बाई गोलासमोर येऊन थांबली आणि चेंडू मुद्दाम बाहेर मारला. आमची दया आली तिला. ती दया मला वर्षभर टोचत राहिली, कारण ती मधली बाई म्हणजे माझी पोटची पोरगी, साक्षी.

साक्षी उटनूरला गणित शिकवते. शाळा सुटली की तिथल्या बाया मैदानावर जमतात. दोन मास्तरणी, सपना नावाची एक नर्स, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या गोंड बाया. त्यांचा खेळ पाहिला तर वाटतं, ह्या भांडतही असतील तर एकमेकींना पास देऊनच भांडत असतील.

आमचा संघ जैनथचा, म्हणजे तेलंगणातल्या मराठी बोलणाऱ्या गावचा. तो डॉक्टरच्या कृपेनं झाला. आम्हा निम्म्या जणींना शुगर, म्हणून डॉक्टर म्हणाला, रोज चाला. शाळेच्या मैदानाला चकरा मारता मारता एक दिवस कोणाचा तरी चेंडू आशाबाईच्या पायात आला. तिनं रागानं लाथ हाणली, आणि तो थेट गोलात गेला. तिथून आमचं चालणं सुटलं ते सुटलंच.

संक्रांतीच्या सुट्टीत साक्षी घरी आली तेव्हा मी जेवताना विषय काढला. उन्हाळ्यात शिक्षकांच्या बदल्या निघणार अशी बोलवा होती आणि आमच्या शाळेत गणिताची जागा रिकामी होती.

"भर ना बाई अर्ज."

"झालं का आई तुझं सुरू?"

"काय वाईट बोलून राह्यली मी? घर इथं, जागा इथं. तिथं काय हाय?"

"मले तिथं बरं वाटते."

"मलेबी बरं वाटते, तू इथं असली म्हणजे."

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. फोनवर माझ्याशी बोलता बोलता ती मधेच कोणाला तरी तेलुगूत हाक मारायची, खळखळून हसायची आणि मग परत, "हं आई, बोल." इथली माणसं, इथलं वागणं, हे सगळं तिच्यातून हळूहळू गळून चाललंय, असं वाटायचं. पण असं पोरीला तोंडावर सांगता येत नाही. म्हणून बदली, बदली.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "चल, खेळून ठरवू. यंदाची मॅच तुमी जिंकली तर मी अर्ज भरते. आमी जिंकलो तर तू बदलीचा शब्द काढायचा नाई. कधीच."

हे जेवता जेवता थांबले. हे म्हणजे साक्षीचे बाबा, नागसेन. तहसील दफ्तरात कारकून आहेत. "पोरी," हे म्हणाले, "पाच गोल मारल्यावर आईसंगं पैज लावते? लाज वाटू दे."

"तिनं नाई म्हणावं ना मग."

मी हात धुतला आणि यांच्याच दफ्तरातला शब्द वापरला. "मंजूर."

ती गालात हसली. तेव्हाच मी ठरवलं, की ही मॅच जिंकायचीच.

आमचं खलबत गयाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात चाले. दुपारी तिथं गिऱ्हाईक नसतं आणि पंखा चांगला आहे. गयाबाई आमची गोलकीपर. तिच्या काउंटरच्या आत आजवर कोणाला हात घालता आलेला नाही, म्हणून तिला गोलात उभं केलं. तिनं काचेवर फडकं मारलं, सात हिरव्या बांगड्या मांडल्या, समोर सात लाल. हिरव्या आम्ही. चेंडू म्हणून टिकल्यांचं पाकीट.

"हळू हात लावा," ती म्हणाली. "फुटली तर मॅचच्या आधीच अपशकून."

तेवढ्यात हे आले. यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण फोनवर परदेशातल्या मॅच पाहतात म्हणून आमचे कोच. डोक्यावर टोपी होती.

"टोपी कायले वो भाऊ? इथं तर ऊन नाई," आशाबाई म्हणाली.

"कोच घालते टोपी."

"मंग शिट्टी?"

शिट्टीही खिशात निघाली. आशाबाईनं तोंडाला पदर लावला. ती वांगी आणि मेथी लावते, बाजारात स्वतः विकते आणि अजूनही दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते. गुडघे कुरकुरतात, पण तिला संघातून काढायची कोणाची छाती नाही. तिची सून रंजीता आमच्यात सगळ्यात चपळ. सासू-सून एका संघात खेळतात हे पाहायला गावातले लोक सरावालाही येतात.

यांनी लाल बांगड्यांवर बोट ठेवलं. "उटनूरचा सगळा खेळ पासचा. त्या स्वतः पळत नाईत, तुमाले पळवतात. चेंडू काही थकत नाई."

"आमी थकतो ना पण," गयाबाई म्हणाली.

"तू कुठं पळते? तू तर गोलात उभी."

"उभं राहून थकवा येत नाई काय? या एक दिवस दुकानात."

रंजीतानं हात वर केला, शाळेत करतात तसा. "काका, मी काय म्हणते, एकेकीनं एकेक बाई धरायची. थे जिथं जाईन तिथं आपण."

"मागच्या साली तेच केलं," मी म्हणाले. "त्या सपना सिस्टरच्या मागं मी एवढी फिरली की शेवटी तिनंच मले पाणी आणून दिलं."

"म्हणून झोन," हे म्हणाले आणि हिरव्या बांगड्या लांब लांब सरकवल्या. "मैदानाचे तुकडे पाडायचे. आपल्या तुकड्यात चेंडू आला तर अडवायचा. नाई आला तर जागेवर राह्यचं. दुसरीच्या तुकड्यात पाय टाकायचा नाई."

"मोजणी करून द्या मंग," आशाबाई म्हणाली. "नाईतर उद्या धुऱ्यावरून भांडण."

सगळ्या हसल्या. हे झोन झोन करत राहिले, आम्ही माना हलवत राहिलो, आणि कोणाच्याच डोक्यात काही जाईना. मग मला एकदम सुचलं.

"अवो, आपापली पात धरायची! निंदायला लागतो तशी."

ज्यांनी कधी निंदण केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाया ओळीनं बसतात. जिच्यासमोर पिकाच्या ज्या ओळी येतील ती तिची पात. आपल्या पातीतलं गवत आपण काढायचं, शेजारणीच्या पातीत खुरपं घालायचं नाही. सगळी रांग सोबत पुढं सरकते. साक्षी लहान होती तोवर मीही जायची. यांना नोकरी लागली आणि सुटलं.

पात म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उजळले. आशाबाईनं भराभर बांगड्या लावल्या, "ही माही, ही रंजीची, ही तुही." माझी कॉलर टाईट झाली, म्हणजे असती तर झाली असती.

"तेच तर सांगून राह्यलो अर्ध्या घंट्यापासून," हे म्हणाले. "बरं, पण एक सांगा. एकीला चुकवून चेंडू पुढं गेला, तर बाकीच्या काय करतीन?"

"जाईनच कसा?" मी म्हणाले. त्या दुपारी मला फार अक्कल आली होती. "अन् दुसरं ऐका. साक्षी लांबचा पास देणार असली की जिभेचं टोक बाहेर काढते. लहानपणी सुईत दोरा ओवताना काढायची ना, तसंच. जीभ दिसली की रंजीतानं धावायचं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "स्वतःच्या पोरीची फितुरी?"

"तुमी कोच हाय का बाप?"

"दोन्ही."

"मंग एक कोणतं तरी घरी ठेवून येत जा."

महिनाभर आम्ही सराव केला. यांनी मैदानावर चुन्यानं पट्टे आखले, दहावीच्या पोरी समोर घेतल्या. पोरींनी पास देऊन देऊन डोकं फिरवलं, पण आम्ही पात सोडली नाही. पोरी एवढ्या कंटाळल्या की परीक्षेचा अभ्यास बरा म्हणून निघून गेल्या.

मॅच महिला दिनाच्या आधीच्या रविवारी, उटनूरच्या मैदानावर. आदिलाबादला बस बदलली. बस बायांना फुकट. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. "एक्कडिकम्मा, अंदरू?" त्यानं विचारलं, कुठं चाललात सगळ्या म्हणून.

"उटनूर. गोल मारायले," रंजीता म्हणाली.

गयाबाईनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "निघतानाच शून्य हाती दिलं मेल्यानं."

यांचं तेवढं पूर्ण तिकीट लागलं. कोच म्हणून सूट मागून पाहिली, मिळाली नाही.

मैदानावर साक्षी भेटली. पाया पडली, बाबांची टोपी नीट केली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, गुडघ्याले पट्टी बांधली ना? पडशील."

"तू तुह्या अर्जासाठी फोटो काढून ठेव," मी म्हणाले.

शिट्टी झाली. उटनूरच्या बाया "इटु, इटु!" करत पास द्यायला लागल्या, म्हणजे इकडं दे, इकडं. आम्ही जागच्या हललो नाही. चेंडू आमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहिला, कुंपणाबाहेर फिरणाऱ्या म्हशीसारखा. आत यायला वाट नाही. बघणारे लोकही कंटाळले. कोणीतरी ओरडलं, "अरे, गोल मारा कोणीतरी, चहाची वेळ झाली!" आमच्या पातीत चेंडू आला की एक लाथ, आणि चेंडू परत त्यांच्याकडे.

मग मला जीभ दिसली. टोकच, गुलाबी. "रंजी!" मी ओरडले. साक्षीचा पाय चेंडूला लागायच्या आत रंजीता निघाली होती. तिनं मधेच चेंडू पायात घेतला, पळत सुटली, आणि त्यांची गोलकीपर पुढं यावं की मागं जावं ठरवते तोवर गोल.

आशाबाई दोन्ही हात वर करून मैदानभर विचारत सुटली, "सून कोणाची? सून कोणाची?" घरी हीच सून भाजीत मीठ जास्त टाकते म्हणून गावभर सांगते.

हाफटाइमला आम्ही एका गोलनं पुढं. हे आम्हाला लिंबूपाणी देत होते आणि टोपी काढून स्वतःला वारा घालत होते. मी पाणी पीत समोर पाहिलं. मोहाच्या झाडाखाली साक्षी तिच्या बायांमधे उकिडवी बसून काडीनं मातीत रेघा ओढत होती. तेलुगूत बोलायची, मधेच गोंडीतलं काहीतरी. तिला गोंडी येते हे मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकाच्या बायांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले होते. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. कान लाल झाले होते तिचे. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसे.

जिंकायला लागल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. मी अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"साखर जास्त झाली," मी म्हणाले.

दुसरा डाव सुरू झाला आणि चेंडू आशाबाईकडे गेला. परत आशाबाईकडे. तिसऱ्यांदा आशाबाईकडे. आधी मला वाटलं, योगायोग. सपना सिस्टर तिला एका बाजूनं चुकवून गेली, मग दुसऱ्या बाजूनं. आशाबाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "माय वो, मागं पाडून राह्यल्या ह्या मले!"

झालं. शेतात हे वाक्य ऐकलं की काय होतं ते मी सांगितलंच नाही. एखादीची पात मागं राहिली, लेकरू रडत असेल, कंबर धरली असेल, तर पुढं गेलेल्या बाया तिला तशी सोडत नाहीत. पाणी प्यायला सगळ्यांनी सोबतच उठायचं. म्हणून ज्या पुढं असतात त्या काही न बोलता तिच्या पातीत शिरतात आणि तिला ओढून रांगेत आणतात. कोणी सांगावं लागत नाही, आपोआप हात वळतात. त्या दिवशी पाय वळले.

"आली मी, आत्याबाई!" म्हणत रंजीता पहिली आली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. हे बाहेरून जोरजोरात शिट्टी फुंकायला लागले. पंचानं येऊन शिट्टी काढून घेतली, कारण खेळ थांबत होता. "पात सोडू नका वो!" मी ओरडले. "पात सोडू नका!" असं ओरडत ओरडत मी पाहिलं, तर मी स्वतः आशाबाईच्या पातीत उभी.

सगळं जैनथ एका पट्ट्यात. पलीकडे अख्खं मैदान मोकळं, आणि त्यात वसतिगृहातली एक बाई एकटीच, कमरेवर हात ठेवून, बसची वाट बघावी तशी. साक्षीनं माझ्याकडे पाहिलं, जीभ बाहेर काढली, या वेळी टोक नाही, चांगली पूर्ण, आणि चेंडू आमच्या डोक्यांवरून पलीकडे टाकला.

"अवो, कोणी इकडंबी या!" गयाबाईचा आवाज आला, आणि त्यामागून गोलचा गलका.

आम्ही परत आपापल्या जागी गेलो. आशाबाईनं सगळ्यांना दम दिला, "आता कोणी आलं माह्याजवळ तर पाह्यजा. मेली तरी येऊ नका." थोडा वेळ आम्ही धरलं. मग ती अडखळून खाली बसली आणि चार जणी धावल्या. त्यात मी होतेच. दुसरा गोल मला दिसलासुद्धा नाही, माझी पाठ होती तिकडे. फक्त ऐकू आला.

दोन-एक. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही सगळ्या आशाबाईच्या भोवती गुडघा चोळत बसलो होतो.

साक्षी आली आणि आमच्यातच मातीत बसली.

"तिच्याच बाजूनं काऊन?" मी विचारलं.

"सुट्टीत तूच न्यायची ना मले निंदायले. माही पात रोज मागं राह्यची. अन् तुमी सगळ्या येऊन ओढून न्यायच्या. आशामावशी तर उचलून धुऱ्यावर बसवायची." ती घाम पुसत हसली. "पह्यल्या हाफमधे तुमी सोडतच नव्हत्या जागा. मंग मले आठवलं. टीमले म्हटलं, चेंडू पळवून उपयोग नाई. तिथली एक बाई मागं पाडा, बाकीच्या आपोआप येतीन."

"मंजे माह्या गुडघ्यायनं हरवलं काय?" आशाबाई म्हणाली.

"नाई मावशी. तुमचे गुडघे नसते तर दुसरी कोणी शोधली असती मी. येणार तर तुमी होत्याच."

आशाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. वर्षभर मी घाबरत होते की ही आम्हाला विसरली, आणि हिनं माझा डाव मोडला तो माझ्याच घरून नेलेल्या सामानानं. हरल्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मी सरकून तिच्या शेजारी बसले.

"मंग, आई?" ती म्हणाली. नजर मात्र चेंडूवर.

"मंग काय? शब्द दिला ना. चहा पाज आता."

तिची खोली मी पाहिलेली नव्हती. गेले तर ती तिथं राहायलाच गेली असं होईल, म्हणून कधी गेलेच नाही. बाजारामागं वरच्या मजल्यावर एक खोली. खिडकीत दोरीवर चार कपडे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, घरी आहे तोच. दोन्ही संघ आत मावले कसे मला ठाऊक नाही. गयाबाईनं पलंग धरला. सपना सिस्टरनं आशाबाईचा पाय मांडीवर घेतला आणि न विचारता पट्टी बांधायला लागली. दूध उतू गेलं तर साक्षीच्या हातातलं पातेलं एकीनं घेतलं, दुसरीनं शेगडी पुसली, तिसरी खालून पेले घेऊन आली. साक्षी रिकाम्या हातानं उभी राहिली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, तिलाही नाही. मी बघत बसले. मग मला बसवेना, म्हणून मी उठून फळीवरचे डबे लावले. साखर वर होती, ती खाली घेतली. तिखट मागं होतं, ते पुढं आणलं.

हे दारात उभे राहून चहा पीत होते. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "कशी वाटली खोली?"

"खिडकी चांगली हाय," मी म्हणाले. अजून काही म्हणणार होते, पण त्यांनी बाकीचं विचारलं नाही.

संध्याकाळच्या बसला साक्षी सोडायला आली. गयाबाईनं खिडकीची जागा मला दिली.

"तुह्या खोलीत अजून एक गादी मावते काय?" मी विचारलं.

"मावते. काऊन?"

"येईन म्हणते. आठ दिवस."

तिनं डोळे बारीक केले. "आमचा सराव पाहाले?"

"तुह्या हातचं जेवाले."

"उन्हाळ्यात ये ना. नाई, उन्हाळ्यात तर मीच येते घरी."

"म्हणून तर आधी येते."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. साक्षीनं खिडकीतून हात आत घातला, माझ्या पदरावरची माती झटकली. "ये. पण माह्ये डबे हलवाचे नाई."

"पाहू," मी म्हणाले, आणि बस निघाली.